रामलिंग राजू आणि 'सत्यम'चा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बी.कॉम. आणि सीएच्या मुलांना हिशेबतपासणी शिकवते. दरवर्षी 'सत्यम कॉम्प्युटर्स'चं प्रकरण, म्हणजे हैदराबादच्या या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी २००९ मध्ये स्वतःच कबूल केलेला खोट्या हिशेबांचा घोटाळा, शिकवायला घेतलं की तेच प्रश्न नव्याने येतात. आता समोर बसणारी मुलं २००९ मध्ये नीट बोलायलाही शिकलेली नव्हती. त्यांच्यासाठी, आणि त्या वेळी शेअर घेऊन हात पोळून घेतलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही, ही उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

राजू मूळचे कोण? सॉफ्टवेअर इंजिनिअर होते का?

नाही. बी. रामलिंग राजू यांचा जन्म १९५४ चा, आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या भीमावरमचा. हा भाताचा, पाण्याचा, सधन शेतकऱ्यांचा मुलूख. विजयवाड्याच्या आंध्र लोयोला कॉलेजातून ते बी.कॉम. झाले आणि पुढे अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातून एमबीए केलं. १९७७ मध्ये परत आल्यावर सूतगिरणी, हॉटेल, बांधकाम असे धंदे करून पाहिले. १९८७ मध्ये सिकंदराबादला वीसेक माणसांना घेऊन 'सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस' उभी केली. धाकटे भाऊ रामा राजू पहिल्यापासून सोबत होते.

बी.कॉम.ची पदवी मी मुद्दाम सांगते. ताळेबंद म्हणजे काय, हे या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कंपनी खरोखर मोठी होती, की सगळाच फुगा?

कंपनी खरी होती. हे आधी स्पष्ट करते, कारण मुलं बहुतेक वेळा उलटं समजून येतात. १९९१ मध्ये ट्रॅक्टर बनवणारी अमेरिकेची 'जॉन डिअर' ही पहिली मोठी गिऱ्हाईक मिळाली. १९९२ मध्ये शेअर बाजारात आले. १९९९ मध्ये त्यांची उपकंपनी 'सत्यम इन्फोवे', म्हणजे 'सिफी', अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदली गेली. भारतातली तिथे पोचलेली ती पहिली इंटरनेट कंपनी. त्याच वर्षी सिफीने मुंबईच्या राजेश जैन यांचं 'इंडियावर्ल्ड' ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. चार-पाच संकेतस्थळांसाठी एवढे पैसे! तेव्हा मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुणांनी हा आकडा ऐकून नोकरी सोडायचा विचार केला असेल. २००१ मध्ये खुद्द सत्यम न्यूयॉर्कच्या बाजारात गेली. २००८ पर्यंत ५० हजारांहून जास्त कर्मचारी, ६६ देशांत काम, जगातल्या मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाईक. फुटबॉलच्या विश्वचषकाचं संगणकाचं कामसुद्धा त्यांच्याकडे होतं.

रात्रपाळी करून कोड लिहिणाऱ्या मुलामुलींचं काम शंभर टक्के खरं होतं. त्या कामातून किती पैसे मिळाले याचा लिहिलेला आकडा खोटा होता.

लोक त्यांना एवढं का मानायचे?

त्यांनी केलेली कामं डोळ्यांसमोर होती. हैदराबाद 'सायबराबाद' झालं त्यात सत्यमचा वाटा मोठा होता. चंद्राबाबू नायडूंच्या काळात परदेशी पाहुणा आला की राजू पुढे असत, आणि सरकार बदलून वाय. एस. राजशेखर रेड्डी आले तरी त्यांचं वजन कमी झालं नाही. २००६-०७ मध्ये ते नॅसकॉमचे, म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचे, अध्यक्ष होते. बिर्राजू फाउंडेशनच्या नावाने गावोगाव पाणी शुद्धीकरण, दवाखाने आणि शाळांची कामं चालायची. आणि २००५ मध्ये त्यांनीच हैदराबादला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू केली. गोव्यात २००८ मध्ये आलेली १०८ राजूंनी त्यासाठी काढलेल्या संस्थेचीच. महाराष्ट्रातली १०८ वेगळ्या कंत्राटदाराकडून २०१४ मध्ये सुरू झाली, पण नंबर तोच. या सेवेने वाचवलेले जीव खरे आहेत, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार सत्यमला मिळाला. चार महिन्यांत तो काढून घ्यावा लागला.

'मेटास' म्हणजे काय? सगळं तिथूनच फुटलं ना?

'सत्यम' रोमन लिपीत लिहून उलटं वाचलं की 'मेटास' होतं. राजूंच्या मुलांच्या हाती असलेल्या दोन कंपन्यांचं हे नाव: 'मेटास प्रॉपर्टीज' जमिनींची आणि 'मेटास इन्फ्रा' बांधकामाची. हैदराबाद मेट्रोचं कंत्राट २००८ मध्ये मेटासलाच मिळालं होतं. त्या व्यवहाराबद्दल दिल्ली मेट्रो उभारणारे ई. श्रीधरन यांनी तेव्हाच लेखी इशारा दिला होता. जमिनींचा फायदा करून घ्यायचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी कानावर घेतलं नाही.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने जाहीर केलं की या दोन्ही कंपन्या आपण १६० कोटी डॉलरला विकत घेतो आहोत. सॉफ्टवेअर कंपनीची सगळी पुंजी प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्यांच्याच, घरच्या जमिनींत! न्यूयॉर्कमध्ये शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच व्यवहार रद्द करावा लागला. पुढच्या आठवड्यात वर्ल्ड बँकेने सत्यमला आठ वर्षांसाठी काम नाकारल्याची बातमी आली. बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैरमार्गाने लाभ दिल्याचं कारण त्यात होतं.

व्यवहारामागचा हेतू नंतर कळला. सत्यमच्या ताळेबंदात हजारो कोटी रोख दाखवली होती, जी नव्हती. मेटास 'विकत घेतली' असती तर ती रोख कागदावर खर्ची पडली असती आणि तिच्या जागी जमिनी आल्या असत्या. पैसे देणारे आणि घेणारे घरचेच, तेव्हा मोबदला प्रत्यक्षात मागणार कोण? हा शेवटचा प्रयत्न होता, हे राजूंनी स्वतःच लिहून दिलं आहे.

७ जानेवारी २००९ च्या पत्रात नेमकं काय होतं?

राजूंनी त्या दिवशी दिलेलं हे कबुलीपत्र मी वर्गात पूर्ण वाचून घेते. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदाबद्दल राजूंनी चार गोष्टी कबूल केल्या. बँकेतली रोख ५,३६१ कोटी दाखवली होती, त्यातली ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हती. ३७६ कोटींचं व्याज जमा दाखवलं होतं, तेही नव्हतं; ठेवच नाही तर व्याज कुठलं? १,२३० कोटींचं देणं लपवलं होतं. गिऱ्हाइकांकडून येणं होतं ते ४९० कोटींनी फुगवलं होतं. बेरीज ७,१३६ कोटी.

त्याखालचे आकडे मला जास्त बोलके वाटतात. सप्टेंबरच्या तिमाहीत उत्पन्न २,७०० कोटी दाखवलं, खरं होतं २,११२ कोटी. नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी. दोन्ही वजाबाक्या करून पाहा. दोन्हीकडे ५८८ येतात. म्हणजे खर्चाला हातच लावला नव्हता. खोटी बिलं जमेला धरली, ती जशीच्या तशी नफ्यात गेली, आणि 'गिऱ्हाइकाने पैसे दिले' असं दाखवून बँकेच्या खात्यात चढवली. २४ टक्के म्हणून सांगितलेला नफा त्यांच्याच म्हणण्यानुसार ३ टक्के होता.

आणि ते प्रसिद्ध वाक्य: वाघावर बसलो होतो, आणि त्याच्या तोंडी न जाता खाली कसं उतरायचं ते कळत नव्हतं. सुरुवातीची तफावत किरकोळ होती आणि ती वर्षागणिक वाढत गेली, असंही त्यांनी लिहिलं. पहिल्या भागावर माझा विश्वास बसतो. एका तिमाहीचा आकडा थोडा कमी आला, बाजार नाराज होईल म्हणून वर ढकलला, पुढच्या तिमाहीत भरून काढू म्हटलं. छोट्या दुकानातही हे असंच सुरू होतं.

त्या दिवशी शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० च्या खाली आला. सेन्सेक्स ७४९ अंकांनी पडला.

बँकेत पैसे नाहीत हे ऑडिटरला कळलं कसं नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारलाच पाहिजे.

लबाडी करणारे सहसा अशा जागी हात घालतात जिथे मोजमाप अवघड असतं: गोदामातला जुना माल, अर्धवट झालेलं काम, ब्रँडची किंमत. बँकेतली शिल्लक ही सगळ्या ताळेबंदात तपासायला सर्वांत सोपी बाब. ऑडिटरने बँकेला पत्र पाठवायचं: अमुक तारखेला या खात्यात किती शिल्लक आहे ते कळवा. बँकेने उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवायचं. मधे कंपनीचा हात लागता कामा नये. एवढंच. पहिल्या वर्षाच्या आर्टिकल क्लार्कला, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला, हे काम देतात.

सत्यममध्ये नेमकी हीच साखळी तुटली होती. प्राइस वॉटरहाउस वर्षानुवर्षं ऑडिटर होते. अमेरिकेच्या नियामकांनी पुढे नोंदवलं की शिल्लक पडताळण्याची प्रक्रिया त्यांनी कंपनीच्याच हाती सोडली होती. ठेवींच्या बनावट पावत्या आणि बनावट खातेउतारे कंपनीने द्यायचे आणि ते फायलीला लागायचे. तीन हजार कोटींहून अधिक रकमेच्या मुदतठेवी अशा कागदावरच होत्या. गिऱ्हाइकांच्या नावाची सहा हजारांवर खोटी बिलं सत्यमच्याच बिलिंगच्या प्रणालीत, बाकीच्या लोकांना दिसणार नाहीत अशी खास सोय करून, तयार केली होती.

कुणीतरी विचारतंच: मॅडम, मुदतठेवींखेरीज उरलेले एवढे पैसे चालू खात्यात बिनव्याजी का पडलेत, असं तरी विचारायला हवं होतं ना? हो, हवं होतं. एखाद्या कंपनीकडे पाच हजार कोटी रोख आहेत, तरी ती नीटसा लाभांश वाटत नाही, तरी प्रवर्तक आपले शेअर तारण ठेवून कर्ज काढतात. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबायला हवं. शेवटी हे दिसलं ते सल्लागार म्हणून नेमलेल्या मेरिल लिंचला. त्यांना काही दिवसांतच आकडे जुळेनात आणि कबुलीपत्राच्या आदल्या दिवशी ते कामातून बाहेर पडले. वर्षानुवर्षांचं ऑडिट एका बाजूला आणि काही दिवसांची चौकशी दुसऱ्या बाजूला. माझ्या मुलांनी या फरकाची लाज बाळगावी असं मला वाटतं, कारण उद्या त्या जागी तीच बसणार आहेत.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या न मिळालेल्या व्याजावर कंपनीने प्राप्तिकर मात्र खरा भरला होता. तो परत मिळवण्यासाठी नव्या मालकांना सरकारशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

'मी एक रुपयाही घेतला नाही' असं राजू म्हणाले होते. मग पैसे गेले कुठे?

पत्रात त्यांनी लिहिलं की आपण किंवा भावाने व्यवहारातून फायदा घेतला नाही. तपासात वेगळं चित्र आलं. राजू कुटुंब आणि जवळच्या माणसांच्या नावे तीनशेहून अधिक कंपन्या आणि त्यांच्या नावे जमिनी सीबीआयला सापडल्या. फुगवलेल्या नफ्यामुळे शेअरचा भाव वर राहिला. त्या भावाला कुटुंबाने शेअर विकले, तारण ठेवले आणि आलेला पैसा जमिनींत घातला. २००१ च्या सुमाराला कुटुंबाकडे कंपनीचा चौथा हिस्सा होता. २००८ संपता संपता कर्ज देणाऱ्यांनी तारण शेअर विकून टाकल्यावर नाममात्र उरला. जी रोख कधी आलीच नव्हती ती 'गेली कुठे' हा प्रश्न चुकीचा आहे. खोट्या आकड्यावर चढलेला भाव ज्यांनी वटवला, त्यांच्याकडे शेअर बाजारातल्या सामान्य माणसाचा पैसा गेला.

तेरा हजार कर्मचारी खोटे होते का?

जानेवारी २००९ मध्ये सरकारी वकिलांनी कोर्टात तसा दावा केला आणि तो अजून फिरतो. राजूंच्या कबुलीपत्रात याचा उल्लेख नाही. वर दाखवलेलं ५८८ चं गणितही खोट्या पगारांच्या बाजूचं नाही, खोट्या बिलांच्या बाजूचं आहे. मी हा दावा शिकवताना वापरत नाही.

संचालक मंडळावर तर मोठी माणसं होती?

होती. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन, हार्वर्डचे प्राध्यापक, पेंटियम चिपचे विनोद धाम, माजी कॅबिनेट सचिव. मेटासच्या ठरावावर त्यांनी प्रश्न विचारले, पण ठराव मंजूर झाला. डिसेंबर संपायच्या आत चौघांनी राजीनामे दिले. विद्वत्ता कमी पडली असं मला वाटत नाही. मधल्या काळात एका आतल्या माणसाने टोपणनावाने एका संचालकाला ईमेल करून रोख खोटी असल्याचं कळवलं होतं. कोण होता तो माणूस, माहीत नाही. पण या सगळ्या प्रकरणात माझ्या मनात सर्वाधिक आदर त्याच्याबद्दल आहे.

कंपनी बुडाली कशी नाही?

सरकारने दोन दिवसांत मंडळ बरखास्त केलं आणि मुंबईचे दीपक पारेख, नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमलं; काही दिवसांत तिघांची भर पडली, त्यात सनदी लेखापालांच्या संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन होते. त्यांच्यासमोर पहिला प्रश्न महिनाअखेरच्या पगाराचा होता. तो झाला. गिऱ्हाइकांना फोन केले, बँकांकडून कर्ज उभं केलं, आणि शंभर दिवसांच्या आत लिलाव करून दाखवला. १३ एप्रिल २००९ रोजी टेक महिंद्राने शेअरला ५८ रुपये देऊन बोली जिंकली. एल अँड टीची बोली ४५ रुपये ९० पैशांची होती. सरकारी यंत्रणेने एवढ्या वेगाने आणि एवढ्या स्वच्छपणे काम केल्याची उदाहरणं मला फार देता येणार नाहीत.

टेक महिंद्राचं मुख्यालय पुण्यात. २०१३ मध्ये सत्यम तिच्यात पूर्ण विलीन झाली. पुण्यात आज चाळिशी-पन्नाशीत असलेले कित्येक जण त्या विलीनीकरणातून आलेले आहेत. जानेवारी २००९ मध्ये त्यांच्यातल्या काहींची लग्नं मोडली आणि गृहकर्जं अडली, केवळ ओळखपत्रावरच्या नावामुळे.

मेटास इन्फ्राचं काय झालं, असंही विचारतात. ती पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या आयएल अँड एफएसकडे गेली. आणि २०१८ मध्ये खुद्द आयएल अँड एफएस कर्जाखाली कोसळली.

राजूंना शिक्षा काय झाली?

९ जानेवारी २००९ ला अटक. जामीन मिळाला, सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, पुन्हा शरण आले, नोव्हेंबर २०११ मध्ये परत जामीन. असे अडीच वर्षांहून अधिक काळ ते कोठडीत होते, त्यातला काही काळ इस्पितळात. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू, त्यांचे भाऊ आणि दोन ऑडिटर धरून दहा जणांना दोषी ठरवलं. सात वर्षं सक्तमजुरी, दोघा भावांना प्रत्येकी साडेपाच कोटी दंड. ११ मे २०१५ ला वरच्या कोर्टाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१४ मध्ये राजू आणि इतरांना १४ वर्षं बाजारबंदी घातली आणि १,८४९ कोटी व्याजासह परत करायला सांगितलं. त्यावरही अपिलं आणि फेरसुनावण्या झाल्या. प्राइस वॉटरहाउसवर सेबीने २०१८ मध्ये घातलेली दोन वर्षांची बंदी अपिलात २०१९ मध्ये उठली.

कायदा बदलला का?

बदलला. प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर जाहीर करणं सेबीने जानेवारी २००९ मध्येच सक्तीचं केलं. २०१३ च्या कंपनी कायद्यात ऑडिटर ठरावीक काळाने बदलण्याची अट आली, आणि घोटाळा दिसला तर सरकारला कळवणं ऑडिटरवर बंधनकारक झालं. ऑडिटरवर देखरेख करणारं राष्ट्रीय प्राधिकरण मात्र २०१८ उजाडेपर्यंत थांबलं.

लहान भागधारकांना भरपाई मिळाली?

अमेरिकेतल्या भागधारकांना मिळाली. तिथल्या सामूहिक दाव्यात सत्यमने साडेबारा कोटी डॉलर आणि ऑडिटरने अडीच कोटींहून अधिक डॉलर दिले. सत्यमचा शेअर मुंबईत घेतलेल्या निवृत्त शिक्षकाला त्यातलं काही आलं नाही, कारण आपल्या कायद्यात तेव्हा भागधारकांच्या सामूहिक दाव्याची तरतूदच नव्हती. खोटा ताळेबंद एकच, फसवणूक एकच, आणि भरपाई मात्र तुम्ही कुठल्या देशात शेअर घेतला त्यावर. याचा राग मला अजून येतो. ही तरतूद २०१३ च्या कायद्यात आली. त्या शिक्षकाच्या उपयोगाची नव्हती.

वडिलांच्या कपाटात सत्यमची जुनी शेअर प्रमाणपत्रं सापडली. रद्दीत टाकू का?

अजिबात नको. विलीनीकरणात सत्यमच्या १७ शेअरला टेक महिंद्राचे २ शेअर मिळाले. २०१५ मध्ये एकास एक बोनस आला आणि दहाच्या शेअरचे पाच रुपयांचे दोन झाले, म्हणजे त्या २ चे ८ झाले. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफकडे गेलेले असू शकतात. तिथून परत मिळवण्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मूळ भागधारक हयात नसेल तर आधी वारसाची कागदपत्रं पूर्ण करा, मग टेक महिंद्राच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, फोलिओ नंबर देऊन पत्र लिहा. एजंटला टक्केवारी द्यायची गरज नाही. अर्ज स्वतः भरता येतो, वेळ लागतो एवढंच.